ज्या चैत्रात आम्ही उलट निघालो

चैत्र लागला की विट्याकडं जाणाऱ्या रस्त्यावरच्या नंबरपाट्या बदलायला लागतात. तमिळनाडू, केरळ, बंगाल, आसाम, पंजाब. टपावर सामान बांधलेलं, मागच्या काचेवर गावच्या देवाचं नाव, आत वेडीवाकडी झोपलेली मुलं. आमच्या भागात घरटी एक तरी माणूस गलाईच्या धंद्यात असतो. जुनं सोनं वितळवायचं, त्यातली भेसळ काढायची आणि शुद्ध करून द्यायचं, हे काम करत आमची माणसं देशभरच्या सराफ पेठांत पसरली आहेत. मिसरूड फुटायच्या आधी गेलेला पोरगा वर्षातून एकदा यात्रेला परत येतो. त्या दिवसांत चहाच्या टपरीवर कुणी फोनवर तमिळ बोलत असतो, कुणाची बायको पोरांवर बंगालीत डाफरत असते, आणि म्हातारी माणसं ओट्यावर बसून कुठली गाडी कुणाची ते ओळखत बसतात.

माझं सांगलीत औषधांचं दुकान आहे. या दिवसांत मला काउंटरमागं बसवत नाही. गिऱ्हाईक मागतं एक आणि मी भलत्याच कप्प्यापाशी जाऊन उभी राहते. आमचे हे म्हणतात, लोकांना ऊन लागतं, तुला चैत्र लागतो. खरं आहे. तीन वर्षांपूर्वी सगळं गाव आत येत होतं, तेव्हा आई आणि मी बाहेर पडलो होतो. त्या उन्हाळ्याचं मला नीट काही सांगता येत नाही. सांगायला घेतलं की कुठला तरी बसथांबा आठवतो, कुठल्या तरी पुलावरचा वारा, आणि पुढचं सगळं तिथंच अडकून राहतं. तरी सांगून बघते.

संपत माझा धाकटा भाऊ. दहावी झाली आणि तो गावातल्याच एकाच्या ओळखीनं कोइमतूरला गलाईच्या दुकानात लागला. तिथून गुवाहाटी. आणि मग एके दिवशी एकदम बँकॉकहून फोन. तिथल्या सोन्याच्या बाजारात आमच्या शेजारच्या गावचा दत्तू भट्टी चालवतो, त्याच्याकडं. सुरुवातीला संपत यात्रेला यायचा, गळ्यात साखळी, आईसाठी कसली कसली तेलं आणि बाम. मग येणं थांबलं. यंदा काम लय हाय, यंदा तिकीट मिळालं न्हाई. फोन आखूड होत गेले आणि मधेमधे खोकला ऐकू यायला लागला. दिवसभर मी लोकांचे खोकले ऐकते. कुठला सर्दीचा, कुठला तंबाखूचा, कुठला नुसता सवयीचा, ते गिऱ्हाईक पायरी चढेपर्यंत मला कळतं. हा मला ओळखता येत नव्हता. सोनं शुद्ध करताना ॲसिड वापरतात, त्याचा तांबूस धूर निघतो, तो वर्षानुवर्षं छातीत गेला तर काय होतं हे मला माहीत होतं. मी ते आईला सांगितलं.

आई पूर्वेकडच्या दुष्काळी पट्ट्यातली, मेंढक्यांच्या घरातली. लग्नाआधी दर दिवाळीनंतर ती मेंढरांमागं घाट उतरून खाली जायची आणि पावसाच्या तोंडाला परत यायची. लग्नानंतरही काही वर्षं तेच. मग वडिलांनी मेंढरं विकून रान घेतलं, पुढं कॅनॉलचं पाणी आलं, ज्वारीच्या जागी डाळिंब आलं, आणि आई थांबली. वडील गेल्यावर मी तिला सांगलीला आणायचे. पहिल्या दिवशी ती बरी असायची. दुसऱ्या दिवशी गॅलरीत उभी राहून समोरचा रस्ता कुठं जातो ते विचारायची. कोल्हापूरला, मी सांगायचे. त्याच्या पुढं? बेळगावला. त्याच्या पुढं? मला पोळ्या लाटायच्या असायच्या.

ॲसिडाचं ऐकून ती म्हणाली, "त्यो येत न्हाई तर आपुन जाऊ."

मी हसले. ती हसली नाही. पासपोर्ट, तिकीट, भाषा, सगळ्या अडचणी मी एकेक करून तिच्यापुढं मांडल्या. तिनं त्या ऐकून घेतल्या आणि किती दिवसांची शिदोरी लागेल ते विचारलं. कागदपत्रं होईतोवर चैत्र लागला. संपतला आम्ही निघायच्या आदल्या दिवशी कळवलं, म्हणजे त्याला नको म्हणता येऊ नये. त्यानं विमानाची वेळ दोनदा विचारून घेतली. मग म्हणाला, दत्तूला पाठवतो विमानतळावर.

यात्रा दोन दिवसांवर होती. आमची वडापची खासगी जीप विट्याकडं निघाली आणि समोरून गाड्यांमागून गाड्या गावात शिरत होत्या. अरुंद रस्ता, दर वळणावर आमच्या ड्रायव्हरला बाजूला घ्यावं लागत होतं. काचा खाली करून ओळखीचे लोक विचारत होते, "आवं, यात्रा टाकून कुटं?" आई सगळ्यांना एकच सांगत होती, लेकाकडं. मला मात्र आपण काहीतरी चुकीचं करतोय असं वाटत होतं. 

बँकॉकला दत्तू खरंच उभा होता, ठेंगणा, घामाघूम, हातात पाण्याच्या दोन बाटल्या. त्यानं आमच्या पिशव्या टॅक्सीत चढवल्या. बसल्यावर पुढच्या सीटवरून मान न वळवता म्हणाला, "आक्का, संपा हितं न्हाई. वर्स झालं."

डॉक्टरनं भट्टीचं काम बंद करायला सांगितलं होतं. संपतनं ते ऐकलं, पण गावी परतायच्या ऐवजी तो आणखी पुढं गेला, व्हिएतनामला, दा नांग नावाच्या समुद्रकाठच्या शहरात. तिथं हल्ली भारतातल्या सहली येतात, त्या सहलीवाल्यांना फिरवण्याचं काम करतो. घरी सांगू नको म्हणून त्यानं दत्तूला शपथ घातली होती. मला इतका राग आला की टॅक्सीची काच फोडावीशी वाटली. आईनं फक्त, तिथं जायला रस्ता आहे का, ते विचारलं. विमान आहे, दत्तू म्हणाला. विमान नको होतं तिला. विमानात तिचे कान फुटायला आले होते, आणि खिडकीतून खाली बघून जमीन कुठं गेली ते तिला कळेना. रस्ता असेल तर रस्त्यानं जायचं.

व्हिएतनामचा व्हिसा यायला आठवडा लागला. त्या आठवड्यात मी स्वस्थ बसले नाही. दत्तूच्या खोलीत पंखा, दोन चटया आणि खिडकीखाली सोन्याच्या दुकानांच्या लालभडक पाट्या. मी आईला घेऊन दिवसभर चालायचे. सगळ्यात आधी मला टोचली ती शांतता. एवढी वाहनं आणि हॉर्न नाही. गाडीत चढायला माणसं ओळ धरून उभी, कुणी कुणाला ढकलत नाही, मोठ्यानं बोलत नाही. आम्ही दोघी बोललो की आमचाच आवाज आम्हाला लागायचा. एका संध्याकाळी स्टेशनात गाणं लागलं आणि चालणारी सगळी माणसं जागच्या जागी थांबली. पिशवी घेतलेली, आइस्क्रीम खाणारी, घाईत असलेली, सगळी. आईनं माझा दंड धरला आणि हळूच विचारलं, "कोन गेलं?" कुणी गेलं नव्हतं. ते त्यांचं राष्ट्रगीत होतं, रोज सकाळ-संध्याकाळ लागतं. गाणं संपलं आणि आइस्क्रीमवाली मुलगी खाता खाता पुढं गेली. आईला मात्र ते पटलं नाही. कुणी मेल्याशिवाय एवढी माणसं अशी थांबत नाहीत, असं ती खोलीवर पोचेपर्यंत म्हणत होती.

मोठमोठ्या इमारतींच्या दारात खांबावर छोटी छोटी देवळं असतात. जागेच्या मालकाचं घर म्हणतात त्याला. हा मालक माणूस नाही, त्या जमिनीचा राखणदार. समोर फुलं, उदबत्ती, आणि लाल सरबताची उघडी बाटली, नळीसकट. रानाच्या बांधावरचा म्हसोबाच तो. आईला त्याची ओळख करून द्यावी लागली नाही. तिनं हात जोडले, आणि देवाला सरबत एवढं लाल का देतात याची चौकशी करायला मला पाठवलं. मी विचारलं नाही. मी औषधाच्या दुकानांत शिरत होते. अनोळखी लिपीतल्या डब्यांवर खाली बारीक अक्षरांत औषधाचं मूळ नाव इंग्रजीत असतं. ते वाचलं की मला जरा बरं वाटायचं, घरातलं कुणी भेटल्यासारखं. दम्याच्या औषधांच्या कप्प्यापुढं मी उगाच रेंगाळायचे.

एकदा रेल्वेत आईसमोर एक मुलगी बसली होती, दोन्ही हात खांद्यापासून मनगटापर्यंत गोंदलेले, वाघ, फुलं, साप. ती आईच्या हातावरचं हिरवं गोंदण बघत होती आणि आई तिचे साप. शेवटी त्या मुलीनं आपला हात आईच्या हाताशेजारी धरला. आईनं तिच्या सापावरून बोट फिरवलं आणि दुखलं का म्हणून मराठीत विचारलं. मुलगी हसली आणि मान हलवली. ती हो म्हणाली की नाही, ते मला कळलं नाही. आईला कळलं म्हणे.

आत्ता हे लिहिताना खिडकीबाहेर सांगलीचा रस्ता वाजतोय. रिक्षा, टमटम, बसचा घसा बसलेला हॉर्न. तिकडून परतल्यावर कितीतरी दिवस मला याचा त्रास झाला. दुकानात एकाच वेळी चार हात चिठ्ठ्या पुढं करायचे आणि मला सगळ्यांना ओळीत उभं करावंसं वाटायचं. दुसऱ्या देशात माणूस बुजतो हे ठाऊक होतं, पण आपल्याच पायरीवर बुजायला होईल असं कुणी सांगितलं नव्हतं.

बसनं आम्ही मेकाँग नदीपर्यंत गेलो. अलीकडं थायलंड, पलीकडं लाओस, मधे लांबलचक पूल. पूल ओलांडला की गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालायला लागतात. मला ते माहीत होतं तरी समोरून येणारा ट्रक बघून मी सीट घट्ट धरली. अंगातली सगळी सवय ओरडत होती की आता धडकणार. आणि पलीकडच्या गावात पोचलो तर घाई नावाची गोष्टच संपली. दुपारची वेळ, दुकानं उघडी, दुकानदार पंख्याखाली गाढ झोपलेले. मी पाण्याची बाटली घेऊन एका बाईच्या उशाशी उभी, तिला उठवू की नको. आणखी एक गिऱ्हाईक आलं, तिला झोपलेली बघितली आणि निवांत परत गेलं. मला ते सहनच होईना. पुढची बस दुसऱ्या दिवशी होती. संपतचा फोन लागत नव्हता, म्हणजे तो उचलत नव्हता. मी त्या नदीकाठच्या रस्त्यावरून येरझाऱ्या घालत होते आणि आई एका पायरीवर बसून वेताच्या टोपलीतला चिकट भात चटणीबरोबर खात होती. बँकॉकमध्ये तिनं नीट काही खाल्लं नव्हतं. आंबवलेल्या माशांच्या रसाचा वास आला की तिला कोरड्या उलट्या व्हायच्या. मटण खाणारी बाई, पण त्या वासापुढं तिनं हात टेकले. वाळून गेली होती बिचारी, साडी अंगावर ढिली व्हायला लागली होती. आपण हिला कुठं फरफटत नेतोय, असं मला त्या पायरीकडं बघताना वाटलं, आणि लगेच आठवलं की फरफटत मला तिनं आणलं होतं.

व्हिएतनामच्या हद्दीवर अधिकाऱ्यानं आईचा फोटो आणि चेहरा कितीदा तरी ताडून पाहिला. मग डोंगर उतरला, भातखाचरं लागली आणि भातात मधेच समाध्या. एकेका वावरात दोन-दोन, तीन-तीन, रंगवलेल्या. आमच्याकडंही माणसाला त्याच्या रानातच माती देतात. आई खिडकीला नाक लावून बसली होती. इतक्या प्रवासात पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत पाणी दिसलं, ते तिथं.

दा नांगच्या बसथांब्यावर संपत उभा होता, दत्तूनं त्याला आमची बस कळवली होती. अंगात कंपनीचा केशरी टीशर्ट, गळ्यात शिट्टी, हातात काठीला बांधलेला छोटा झेंडा. सहल सोडून तसाच आला होता. थोडा सुटलेला, काळवंडलेला.  तो आईच्या पाया पडला. आईनं त्याचे हात धरले आणि उलटसुलट करून बघितले. भट्टीवर असताना त्याची बोटं ॲसिडानं पिवळीतपकिरी पडलेली असायची, नखं खाल्लेली. आता ती स्वच्छ होती. तिनं हात सोडले नाहीत, तसंच धरून त्याला विचारलं, जेवलास का.

तो एका विधवा बाईच्या घरात वरच्या मजल्यावर राहत होता. हान तिचं नाव. खाली ती नूडल्सचं दुकान चालवायची. दुकान म्हणजे फूटपाथवर गुडघाभर उंचीचे प्लास्टिकचे स्टूल. माझे पाय मावेनात, आई मात्र पहिल्यांदा नीट बसली. हाननं संपतमार्फत आईचं वय विचारलं. मला ते उद्धट वाटलं. संपत म्हणाला, वय कळल्याशिवाय यांना बोलताच येत नाही, मोठी असेल तर एक शब्द, धाकटी असेल तर दुसरा, आपल्या आक्का-मावशीसारखं. आईला वय ठाऊक नव्हतं. बहात्तरच्या दुष्काळात लगीन झालं, एवढंच ती सांगू शकली. संपतनं ते भाषांतर करून सांगितलं. हाननं तिच्या देशातली लढाई मोजली, आपली मुलं मोजली आणि स्वतःला धाकटी ठरवलं. त्यानंतर त्या दोघी रोज बोलत बसायच्या, एक मराठीत, एक तिच्या भाषेत. काय बोलतात ते विचारलं की आई म्हणायची, घरचंच.

दुसऱ्या दिवशी संपतनं आम्हाला त्याच्या सहलीच्या बसमध्ये बसवलं. कोइमतूरची तीन कुटुंबं होती, बाकी गुजराती आणि एक बंगाली म्हातारं जोडपं. तो माइक हातात घेऊन उभा राहिला आणि तमिळमध्ये बोलायला लागला, मग हिंदी, मग त्या आजोबांसाठी थोडं बंगाली. सगळी बस हसत होती. गलाईच्या दुकानांत वाढताना गोळा झालेल्या भाषा एकदम उपयोगी पडल्या होत्या. तिथून जवळ डोंगरात विटांची जुनी पडकी देवळं आहेत, महादेवाची. आत झाडोरा माजलेला आणि एक भंगलेली पिंड. आईनं पदर डोक्यावर घेतला आणि तिथंच मातीत बसली. एवढ्या लांब महादेव कुणी आणला, तिनं विचारलं. संपतनं राजांचं, जहाजांचं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, राजं नंतर आलं आसतील, आधी कुनीतरी मेंढरं घिऊन आलं आसणार. बस परत निघाली तेव्हा चढावरून चालत आलेला संपत दाराला धरून खोकत उभा होता, आणि लोक आपापल्या फोनमधले फोटो बघत होते.

त्या खोकल्यानं मी भानावर आले. संध्याकाळी समुद्रावर मी त्याला सगळं बोलले. मिरजेला चांगली हॉस्पिटलं आहेत, मी तिथं रोज औषधं पाठवते, डॉक्टर ओळखीचे आहेत, इथं परक्या देशात कोण बघणार आहे तुला. तो वाळूत बोट फिरवत राहिला. मग म्हणाला, "आक्का, यात्रंला समदी गाडी घिऊन येत्यात. मी काय, ह्यो झेंडा घिऊन येऊ?"

मला वाटलं होतं तो आजार लपवतोय. तो आजार लपवत नव्हताच. सोन्याच्या कामाला गेलेला पोरगा शिट्टी वाजवत माणसं हाकतोय, हे त्याला गावाला दाखवायचं नव्हतं. मी चिडून म्हणाले की जीव मोठा की गाडी. म्हणताना माझी मलाच लाज वाटली, कारण दर चैत्रात ओट्यावर बसून गाड्या ओळखणाऱ्या माणसांतली मीही एक होते.

पुढच्या आठवड्यात मी त्याला तिथल्या हॉस्पिटलात नेलं. इंग्रजी बोलणारी एक तरुण डॉक्टरीण होती, तिनं छातीचा फोटो उजेडावर धरून दाखवला. छातीचं झालेलं नुकसान भरून येणार नव्हतं, पण वाढतही नव्हतं. धूर आणि धूळ यांपासून लांब राहायचं, रोज पंपानं औषध ओढायचं, समुद्राची हवा बरी आहे. तिनं लिहून दिलेलं औषध मी सांगलीत दिलं असतं तेच होतं. मिरजेत याहून वेगळं काही झालं नसतं. हे मला कळत होतं आणि तरी मला ते मान्य करवत नव्हतं. मी हॉस्पिटलच्या जिन्यात उभी राहून आईला सांगितलं. सांगताना आमच्याकडची उन्हाळ्यातली हवा माझ्या डोळ्यांपुढं आली, डाळिंबाच्या बागेवरची फवारणी, रस्त्याचा फुफाटा, उसाचं पाचट जाळल्यावरची काळी राख. त्याला परत नेऊन मी त्या हवेत ठेवणार होते.

आई म्हणाली, "मी त्याला न्यायला आलेच न्हवते. कसा हाय ते बगायला आलेवते. आता ऱ्हाते जरा."

मी समजावलं, भांडले, रडले. दुकान बंद ठेवून मला फार दिवस झाले होते, मला परतणं भाग होतं. तिला नव्हतं. व्हिसा तीन महिन्यांचा होता. परतताना एकटी कशी येशील, मी विचारलं, तर म्हणाली संपा बसवून देईल आणि उतरून घ्यायला तू आहेसच. विमानाला ती आता तयार होती. भाकरीचं पीठ संपलं होतं, तांदळाच्या पिठाची भाकरी तिनं हानच्या तव्यावर जमवली होती. मी दा नांगच्या विमानतळावर एकटी उभी होते. भावाला आणायला गेले आणि आईलाही ठेवून आले. गावात काय सांगायचं, हा विचार पहिला आला. आणि त्यामागून आला हेवा. मला तिचा सरळ हेवा वाटला. पासष्टीची बाई फूटपाथवर स्टूल टाकून परक्या रस्त्याकडं बघत बसली होती, आणि पन्नाशीही न गाठलेली मी, कपाटांना कुलूप आहे ना, या काळजीत घरी निघाले होते.

ती पावसाच्या तोंडाला परत आली. पुण्याच्या विमानतळावर सामानाची ढकलगाडी घेऊन बाहेर आली, सगळ्यांच्या आधी. प्रवासाचं फारसं बोलली नाही. गावात बायांनी घेरलं, तिथं काय खातात, काय नेसतात. ती सांगायची, आपल्यासारखंच, नाहीतर सांगायची, लय येगळं. दोन्ही एकाच दमात. शेजारच्या काकूंनी विचारलं, संपत काय करतो आता. मी आत भांडी लावत होते, हात थांबले माझे. आईनं सांगितलं, शिट्टी वाजवून माणसं फिरवतो, चार भाषांत. एवढ्या सहज म्हणाली की काकूंनी पुढचा प्रश्न विचारला तो पगाराचा नव्हता, कुठल्या चार भाषा, असा होता.

मागच्या चैत्रात संपत आला. गाडीनं नाही, पुण्याहून एसटीनं. दत्तूही आला होता, त्याच्या पोरांनी संपतला गाडीत घ्यायचा आग्रह केला, पण तो मळ्याच्या रस्त्यानं चालतच गेला. लोक भेटले, बोलले, कुणी विचारलं, कुणी विचारलं नाही. मला वाटलं होतं त्याहून हे सगळं सोपं गेलं. अवघड गेली ती हवा. पहिल्याच दिवशी फुफाट्यानं त्याचा श्वास लागला आणि यात्रेच्या मुख्य दिवशी पालखी निघाली तेव्हा तो देवळाकडं जाऊच शकला नाही. पालखीवर भंडारा उधळतात. पोत्यांनी हळद. माणसं, ढोल, देऊळ, रस्ता, सगळं पिवळं होतं, आणि ती धूळ तासन्‌तास खाली बसत नाही. लहानपणी तो त्या धुळीत सगळ्यांच्या पुढं असायचा. आता तोंडाला मास्क लावून तो शाळेच्या गच्चीवर उभा होता. मी त्याच्याशेजारी, खिशातलं औषध हाताशी धरून. खालून ढोल वाजत होते आणि त्याचे पाय त्या ठेक्यावर जागच्या जागी हलत होते. मला वाटलं, हा आता धावत खाली जाणार. तो कठड्याला धरून राहिला.

मग जिन्यातून आई आली. डोक्यापासून पायांपर्यंत पिवळी. ती गच्चीच्या दारातच थांबली, तिथंच पदर झटकून लांब उभी राहिली, वारा कुठून आहे ते बघितलं. तिच्या मुठीत भंडारा होता, काखोटीला पाण्याचा तांब्या. तिनं मुठीतच तांब्यातलं पाणी सोडलं, भंडारा कालवला, उडायला कणभर कोरडा राहणार नाही इतका. मग जवळ येऊन तो ओला भंडारा त्याच्या कपाळाला लावला, गळ्याला लावला, आणि उरलेला हात माझ्या गालाला पुसला.

संपतनं मास्क खाली घेतला. "आये, उद्याच निगतो."

"नीग," ती म्हणाली. "कुटवर गेलास ते कळवत जा."